शेवळं निघायच्या आधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, पहिला पाऊस झाला की दोन मित्रांना घेऊन गावी येतो, तीन रात्री रानात राहतो, सुरी आणि घासली की ठिणग्या पाडणारी कांडी (फेरो रॉड) मागवली आहे. मग विचारलंस, "आई, तुला यातलं काही येतं का गं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. सुधागडच्या रानात लाकूडफाट्याला जाणं हे आमच्यासाठी पाणी भरण्यासारखंच एक काम होतं, त्याला कुणी विद्या म्हटलं नाही. रात्री आठवत बसले तेव्हा कळलं की मला बरंच येतं, आणि तुला मी त्यातलं काहीच दिलेलं नाही.

आधी विस्तवाचं. तुझ्या कांडीची ठिणगी चकमकीच्या ठिणगीपेक्षा कितीतरी तापलेली असते. तुझे खापरपणजोबा चंचीत पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि सावरीचा कापूस बाळगायचे, असं आजी सांगायची. कापूस गारगोटीच्या धारेशी अंगठ्याखाली दाबून धरायचा, वरून पोलाद झटक्यात घासायचं, आणि कापसाला लाल टिकली धरली की ओंजळीत घेऊन फुंकायची. तुझ्या कांडीने सावरीचा कापूस लगेच पेटेल, पण तेवढ्याच लगेच जळूनही जाईल. म्हणून लाकडाची तयारी आधी. पावसात जमिनीवरचं लाकूड उचलू नकोस. झाडावरच अडकून वाळलेली फांदी घे आणि कोयत्याने उभी फोड, आतला गाभा कोरडा निघतो. काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक ढलप्या मूठभर, मग करंगळीएवढ्या, मग मनगटाएवढं लाकूड. हे सगळं शेजारी रचून झाल्यावरच कांडी हातात घे. सावरीची बोंडं आत्ताच फुटली, तुझ्यासाठी डबाभर कापूस जमवून ठेवला आहे.

चूल मात्र आपल्या स्वतःच्या वरकस जमिनीतच मांडायची. वरचं रान राखीव आहे. तिथे विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला तेच सांगितलं असतं. वर जायचं तर आधी वनरक्षकाला भेटून विचार.

दोरीसाठी आपट्याची साल. पावसात ती सहज सुटते. आतली पट्टी काढायची, दोन पेड घ्यायचे, प्रत्येकाला मांडीवर एका अंगाने पीळ द्यायचा आणि दोन्ही एकमेकांवर उलट्या अंगाने वळत न्यायचे. मग हात सोडला तरी दोरी उकलत नाही. पण साल नेहमी फांदीची घ्यायची, खोडाची नाही. मी नऊ वर्षांची असताना बांधावरच्या कोवळ्या आपट्याची साल हौसेने गोल सोलून काढली होती. आजीने पाहिलं, बोलली काहीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. झाड जागेवर वाळून उभं होतं. कितीतरी वर्षं मी त्या बांधावरून जायचं टाळत असे. खोडाची साल गोल निघाली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, हे शाळेत नंतर शिकले. तोवर मला ते पाठ झालेलं होतं.

बांबूचंही तसंच. बेटाच्या कडेचे कोवळे कोंब सोडायचे, तीन वर्षांवरचा जून बांबू निवडायचा, आणि गाठीच्या लगेच वर तोडायचा. मध्येच तोडला तर खुंटात पाणी साठतं आणि तो कुजतो.

रानभाज्यांबद्दल मी लिहीन तेवढं थोडंच. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी तू ताटात ओळखतोस, रानात ओळखणार नाहीस. शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारे ते कोंब, तर फार सांभाळून. त्यांत घशाला टोचणारे बारीक स्फटिक असतात, म्हणून बरोबर काकडं (काकड झाडाची आंबट फळं) किंवा चिंच हवीच. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी घाईने नुसतीच शेवळं शिजवली. तुझ्या बाबांचा घसा रात्रभर असा खाजला की सकाळी त्यांना बोलवेना. तेव्हापासून माझ्या घरात काकडांशिवाय शेवळं शिजलेली नाहीत.

रानभाज्यांचं हे मला शिकवलं ते कातकरवाडीवरच्या आत्याने, आम्ही तिला आत्याच म्हणतो. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव, आणि तिच्या माणसांना हे रान आपल्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या जास्त ठाऊक आहे. आता ती थकली आहे, पण सकाळी अजून रानात जाते. तू आलास की पहिले दोन दिवस तिच्याबरोबर जा. तिचा दिवस मोडतो, तेव्हा दिवसाची पूर्ण मजुरी तिच्या हातात द्यायची. तिला विचारल्याशिवाय मोबाईलवर तिचं चित्रण करायचं नाही. ती जिथे खणत नाही तिथे तू खणू नकोस. देवराईत तर वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही.

बिब्ब्याच्या झाडाला कोयता लावू नकोस, चीक लागला की फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगांपासून लांब राहा. दगड उचलताना आणि रात्री लघवीला उठताना आधी बॅटरी मार, आपल्याकडे फुरसं फार. कुणाला डसलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं, प्रतिविष तिथे मिळतं.

तुझी नवी सुरी आण, पण आजीचा कोयताही मी धार लावून ठेवला आहे. कोयता अडकवायची आकडी कमरेला जरा सैल होईल, दोरी मागे आवळून बांध. पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं इरलं मात्र एकच उरलं आहे, त्याच्या कामट्या ढिल्या झाल्यात. पळसाची पानं आणून ठेवते, आलास की दोघं मिळून शाकारू.

तुझी,
आई