डोकं दुखलं तर सांग

डोंबिवली
बुधवार, रात्री साडेअकरा

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

हा कागद मुद्दाम लाडवांच्या डब्याच्या वर ठेवलाय. खाली ठेवला असता तर पुढच्या महिन्यात वाचला असतास. रविवारी फोनवर जे झालं त्याबद्दल आधी. ती उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकची बातमी मी पाठवायला नको होती, निदान तू सॅक भरत बसलेली असताना तरी नको होती. जून २०२४ मधली, कर्नाटकातल्या ट्रेकर्सची. बावीस जण गेले, वादळात सापडले, नऊ जण परत आले नाहीत. तू म्हणालीस, "आई, तुला मी जायलाच नको आहे." तसं नाहीये गं. हिमाचलातल्या पिन पार्वती खिंडीचं नाव आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधले मोठे लोक आवाज खाली करून घ्यायचे. माझी मुलगी तिथे जातेय हे मी कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा सांगून झालंय. त्याला ते वैष्णोदेवीच्या जवळ वाटतंय, असो.

फोनवर मी बोलायला लागले की तू "हो, हो" म्हणतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. म्हणून लिहितेय. फक्त कामाचं लिहीन.

मोजे चार जोड आहेत. दोन चालायचे, एक राखीव, आणि लाल जोड फक्त झोपायचा. लाल जोड तंबूबाहेर जाता कामा नये, बाहेर कितीही लख्ख ऊन पडलेलं असो. ओले मोजे घालून झोपलं की रात्रभर पाय गरम होत नाहीत, आणि झोप नाही झाली की तू माणसात नसतेस, हे मी सव्वीस वर्षं बघतेय. काळ्या मोठ्या पिशव्या सॅकच्या आत अस्तरासारख्या घालायच्या. वरून रेनकव्हर असतंच, पण पाणी पाठीकडून झिरपतं. कॉटनचे टीशर्ट काढून ठेव. आपल्याकडे राजमाचीला भिजलेला टीशर्ट अंगावर वाळतो. तिथे तो वाळत नाही, अंगातली ऊब ओढत बसतो. जीन्सचं तर नावही काढू नकोस. नवे बूट आतापासून ऑफिसला घालून जा. हसणारे हसू देत, फोड त्यांना येणार नाहीत.

ऑक्सिमीटर आजीचा आहे. सेल नवे टाकलेत. बोट गार असलं की तो वाट्टेल तो आकडा दाखवतो, म्हणून आधी हात काखेत धरून गरम कर. आणि आकडा चांगला आला म्हणून डोकं दुखणं खोटं ठरत नाही. डोकं दुखलं तर सांगायचं. बरोबरच्या मिहीरला, गाईडला, जो समोर असेल त्याला.

कळसूबाई १६४६ मीटर. खीरगंगा, म्हणजे तुझा पहिलाच मुक्काम, तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. खिंड ५३१९ मीटर, तिथे हवेचा दाब आपल्या इथल्या निम्म्याच्या आसपास. तू अलंग-मदन-कुलंग एका दमात केलंस याचा मला अभिमान आहे (फोटो अजून फ्रिजवर आहे), पण सह्याद्रीतला दम तिथे सगळा कामाला येत नाही. पिंडऱ्या तयार असतात, पण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवसच द्यावे लागतात. उलट कितीदा दमदार माणसंही आजारी पडतात, कारण ती भराभर चढतात आणि थांबायची त्यांना लाज वाटते. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एकदा त्याच उंचीवर दुसरी रात्र काढायची. तुमचा तक्ता मी पाहिला. मानतलाई तळ्याच्या मुक्कामाआधी सुट्टीचा एकही दिवस नाही. तो घाला. ऑफिसची रजा एका दिवसाने वाढवून माग, साहेब खातोय का?

नाहीतरी दोन दिवस हाताशी ठेवायलाच हवेत. २०२३ च्या जुलैत बियासने कुलू-मनालीचा रस्ता कसा खाल्ला ते बघितलंयस. परतीचं विमान ठरलं की माणसं विमानाकडे बघून चालतात, डोंगराकडे बघत नाहीत.

ओढ्यांचं लिहायचं राहिलं. बर्फाचं पाणी सकाळी गुडघ्याला लागतं तिथे दुपारी कमरेला लागतं, कारण ऊन वर बर्फावर पडून ते वितळून खाली पोचतं. म्हणून ओढा आला आणि वाजलेत दोन, तर अलीकडेच तंबू ठोका, पहाटे उतरा. पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलीस तर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय उचलायचा. अनवाणी नाही, पायाखालचं कळत नाही आणि पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही, कितीही थंडी असो, त्याच्या वायूला वास नसतो. मिहीरच्या काकांचं ते अमेरिकेतलं सॅटेलाइटचं यंत्र त्याला घरी ठेवायला सांग, आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही, उगाच पोलिसांचं झेंगट. आणि खिंडीच्या अलीकडे हिमनदी आहे. नव्या बर्फाखाली भेगा झाकल्या जातात, वरून सगळं गुळगुळीत पांढरं दिसतं. तिथे गाईड दोर बांध म्हणाला की बांधायचा. जीपीएसला भेगा दिसत नाहीत.

हे सगळं तुला माहीत आहे. तू मला "आई, मी वाचलंय" असं म्हणणार, तेही खरंच. माहीत नसण्याची मला काळजी नाहीच. मला काळजी आहे तुझ्या तोंडाची, जे नको तेव्हा उघडतं आणि हवं तेव्हा मिटतं.

तोलार खिंड आठवते? अकरा वर्षांची होतीस. हरिश्चंद्रगडावरून उतरताना पडलीस आणि कोणाला काही बोलली नाहीस. खिरेश्वरपर्यंत चालत आलीस, एसटीत खिडकीशी भांडलीस, घरी आलीस. रात्री ताटावर बसल्यावर डाव्या हाताने भाकरी मोडायला लागलीस तेव्हा बाबांनी विचारलं. मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं, क्ष-किरणात मोडलेलं निघालं. आणि मी काय केलं? पंधरा दिवस येईल त्याला सांगत सुटले. "मोडका हात घेऊन गड उतरली, हूं की चूं नाही, कशी धीट पोरगी!" प्लास्टरवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तू तिथे उभी राहून ऐकत होतीस. परवापासून मला तेच दिसतंय, तुझा ऐकतानाचा चेहरा.

तुला वाटतं मी कसोलजवळची सर पास ही खिंड ओलांडलीय. तसं मी कधी म्हटलं नाही, पण तसं वाटू दिलं. मे १९९४. कसोल, ग्रहण, पादरी, मिंगथाच, नगारू. चाळीस जणांत आम्ही चार मुली. पहिल्याच संध्याकाळी एक जण चहाच्या रांगेत म्हणाला की बायका असल्या की ग्रुप स्लो पडतो. झालं. मिंगथाचला माझं डोकं दुखायला लागलं. मी गुपचूप क्रोसिन घेतली. जेवण जाईना, तर म्हटलं आज संकष्टी आहे. सुनंदा म्हणाली, "संकष्टी होऊन आठ दिवस झाले." मी म्हटलं, मग प्रदोष असेल.

दुसऱ्या दिवशी नगारूला पोचले, बारा हजार फुटांच्या वर. तंबूसमोर बसून मी बुटाची नाडी बांधत होते. बांधतेय, बांधतेय, बांधतेय. सुनंदाने वाकून बघितलं तर मी उजव्या बुटाची नाडी डाव्या बुटाच्या भोकात ओवत होते, अगदी मन लावून. ती काही न बोलता लीडरला घेऊन आली. त्याने बर्फावर दोर सरळ अंथरला आणि म्हणाला, यावरून चाला, टाचेला अंगठा लावून. इतकं सोपं! मी हसले. दुसऱ्याच पावलाला दोर माझ्या डावीकडून उजवीकडे गेला. मला वाटलं त्याने ओढला.

काल रात्री भांडी घासून झाल्यावर मी स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेघेवरून तशी चालून बघितली. ओट्यापासून फ्रिजपर्यंत, टाचेला अंगठा लावून. बाबा दारात उभे. म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, सईला शिकवायचंय. तू पण चालून बघ, आणि चौघं रोज संध्याकाळी तंबूबाहेर चालत जा. हसण्यावारी न्या, पण चाला. ज्याचा तोल गेला त्याने खाली उतरायचं, त्याच रात्री, सकाळची वाट बघायची नाही. तसंच बसल्याजागी धाप लागली किंवा खोकल्याला लालसर फेस आला तरी. गोळीने बरं वाटलं तरी वर चढायचं नाही.

मला तेव्हा रात्रीच उतरवलं. एक पहाडी हमाल, एक बॅटरी आणि सुनंदा. कोणीतरी मुलगी बरोबर हवी म्हणून ती आली. मिंगथाचला पोचेपर्यंत डोकं निवळलं आणि उजाडताना मी चक्क चहा मागितला. तेव्हाच वर बाकीचे बर्फातून पासकडे निघाले होते. सुनंदाचा पास माझ्यामुळे हुकला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, सांगलीला गेली, परत कधी हिमालयात गेली नाही. मी तिला दर दिवाळीला चकल्या पाठवते त्यावरून तू मला चिडवतेस ना, त्या उगाच नाहीत.

तर आज दुपारी तिला फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, सुनंदा, तेव्हा मी लपवलं, तुझा पास घालवला, मला माफ कर. पलीकडे शांतता. मग ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, माझंही डोकं फुटत होतं. मी कुणाच्या तोंडाने सांगणार होते? तू पडलीस म्हणून मला उतरायला मिळालं." बाबा बाहेरून विचारतायत, कोण गेलं? माझा चेहरा तसा झाला असावा.

चकल्यांचं आता बघते.

म्हणून एक काम पुण्यातच करा. चौघं एकत्र बसून ठरवा, कोणाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. आधी ठरलेलं असलं की आजारी माणसाला वाटत नाही की आपण कोणाचं तरी काही हिरावून घेतोय. आणि हे मानतलाईच्या आधी. तिथून पुढे गेल्यावर मागे फिरायचं म्हणजेसुद्धा काही दिवसांची चाल आहे, तिथे "थोडंसंच दुखतंय" चालत नाही.

पुन्हा शिकवायला लागले बघ. चार पानं झाली आणि तू अजून लाडू उघडला नसशील. माफ कर. मी फक्त कामाचं लिहिणार होते.

एक बिनकामाचं. खिंडीच्या अलीकडे पार्वतीचं खोरं हिरवंगार, ओलं, देवदाराचं. पलीकडे उतरलात की स्पिती, उघडी तपकिरी माती, झाड औषधाला नाही. ढग अलीकडेच रिकामे होतात. नाणेघाटात उभं राहून मी तुला कोकण आणि देश दाखवला होता, तसंच, पण हजार पटीने. तिथे दहा मिनिटं बस. फोटो काढू नकोस, नुसती बस. नको, काढ. सुनंदाने मागितलाय.

बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांच्या फोनवर डोंबिवलीच्या खाली आता स्पितीतल्या काझाचं तापमान दिसतं. सकाळी पेपर वाचायच्या आधी ते बघतात. दहा दिवस तुझा फोन लागणार नाही हे मी त्यांना समजावलंय. मला कोणी समजावायची गरज नाही. पलीकडच्या मुद गावाला पोचलीस की जिथे रेंज येईल तिथून एक मिस्ड कॉल दे, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझी,
आई

ता.क. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेणार आहात असं मिहीरच्या आईकडून कळलं. तू चार वर्षांची असताना सेप्ट्रान या सल्फाच्या औषधाने तुला अंगभर पुरळ उठलं होतं. डायमॉक्ससुद्धा सल्फाच्याच नात्यातली, म्हणून डॉक्टरांना आधी हे सांग. मिहीरची गोळी तू घ्यायची नाहीस. आणि डोकं दुखलं तर. बरं, नाही लिहीत.