भिडेपायी

सांगली

प्रिय बाळ्या,

पत्र मिळालं. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे खात्यावर जमा झाले आणि घरी चहाला येणाऱ्यांची रीघ लागली, हे वाचून हसू आलं. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे ही वर्दळ मला नवी नाही. आपल्यासारख्यांचा पैसा अक्कल नाही म्हणून क्वचित जातो. भिडेपायी जातो.

तुझ्याकडं ठेव मागणारी ती पतसंस्थाच घे. चेअरमन तुझा वर्गमित्र. "मास्तरांनी ठेव ठेवली म्हटल्यावर गाव डोळे झाकून ठेवील," म्हणतो. त्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि ती तर विमा असलेली बँक! जादा दीड-दोन टक्के कशाबद्दल मिळतात, ते यावरून ओळख. आणि ठेवीपाठोपाठ "एका कर्जाला जामीन राहा" येईल, तेव्हा पेन खिशातून काढू नकोस. कर्जदारानं हात वर केले की बँक जामीनदाराच्या दारात येते. शिपायापासून हेडमास्तरापर्यंत कितीतरी जणांच्या पगारातून दुसऱ्याचे हप्ते कापलेले मी पाहिलेत.

मेहुण्याच्या पॉलिसीचं तू बेतानंच लिहिलंयस. फॉर्मवर पेन्सिलीनं फुल्या मारून आणल्या होत्या, "भावजी, इथं, इथं आणि इथं," आणि तू केल्यास सह्या. बहुतेकांचं असंच होतं. अशा पॉलिसीत वर्षाला ५०,००० रुपये २० वर्षं भरले आणि परतावा ५ टक्क्यांच्या आसपास पडला, तर हातात साधारण १७ लाख येतात. तेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे पोस्टा-बँकेतल्या सरकारी भविष्य निधीत, ७.१ टक्क्यांनी २२ लाखांवर जातात. एजंट २० वर्षांनंतरचा आकडा मोठ्यानं वाचतो, टक्का सांगत नाही. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोरं कमावती असताना, तुला आयुर्विमा हवाय कशाला?

चिरंजीवांचं मात्र अवघड आहे. परक्याला नाही म्हणता येतं, पोटच्या पोराला कसं म्हणायचं? ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरचे भाव पुढं कुठं जातील यावरच्या सौद्यांत, गेलेले पैसे "रिकव्हर" करायला तो तुझ्याकडं भांडवल मागतोय. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला: फ्युचर्स-ऑप्शन खेळणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या घरात. तो स्वतःला उरलेल्या सातांत धरतो. ते त्र्याण्णवही धरत होते. त्याच्या लग्नाला दे, घराला दे. याला देऊ नकोस. रुसेल महिनाभर.

मी काय करीन विचारतोस. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यावर. साठी व्हायची आहे म्हणून अडत नाही. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांत भरले की पंचावन्ननंतर चालतं. तेवढा निवृत्तीचा दाखला जोड. पाच वर्षांत लागणार नाही असा थोडा भाग इंडेक्स फंडात (निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा म्युच्युअल फंड), तोही डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मधल्याचं कमिशन वाचतं. बाजार पडला की मला फोन कर, ब्रोकरला नको. वहिनींचं नाव सगळीकडं नॉमिनी म्हणून लाव आणि मृत्युपत्रही करून टाक, नुसत्या नॉमिनेशननं मालकी ठरत नाही.

आता ते पॉलिसीचं. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येतो. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज थेट कंपनीच्या शाखेत दे, पोच घे. मेहुण्याला सांगायची लाज वाटत असेल तर माझं नाव पुढं कर, सांग की त्या सांगलीच्या आगाऊ माणसानं मोडता घातला. तसाही तो माझ्याशी कुठं धड बोलतो?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
आप्पा