कुंभाराच्या पुढचं पान गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल पुरवणीत आलेला ईश्वराच्या अस्तित्वावरचा लेख दोनदा वाचला. लेखकांची भाषा सुरेख आहे, श्रद्धा प्रामाणिक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एका वाक्याची आहे. ‘मडकं पाहिलं की कुंभार मानावाच लागतो, या साध्या युक्तिवादाला नास्तिकांकडे आजवर उत्तर नाही.’ नाही कसं? तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर दिलं गेलं, तेही संस्कृतात. ज्या नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, युक्तिवाद लेखकांनी उचलला, त्यांनी ते उत्तर वाचलं, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या खल केला आणि पुढचे ग्रंथ लिहिले. अर्धा वाद छापायचा आणि उरलेला झालाच नाही असं सांगायचं, हे मला मुळीच पटलेलं नाही.

आधी युक्तिवाद नीट मांडू, कारण लेखात तोही धड आलेला नाही. पृथ्वी, डोंगर, अंकुर वगैरे हा पक्ष, म्हणजे ज्यांच्याविषयी काही सिद्ध करायचं ते. ‘त्यांना कर्ता आहे’ हे साध्य. ‘कारण ती कार्यं आहेत’ हा हेतू. ‘जसा घट’ हा दृष्टांत. हेतूला बळ येतं व्याप्तीमुळे: जिथे जिथे कार्यत्व, तिथे तिथे कर्ता. सगळा भार या व्याप्तीवर आहे, म्हणून ती आणली कुठून हे आधी विचारायचं असतं. ती आणली मडकी, वाडे, कापड पाहून. म्हणजे ज्यांचे कर्ते आपण डोळ्यांनी पाहतो अशाच वस्तूंवरून.

सातव्या शतकात बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने प्रमाणवार्तिक या आपल्या ग्रंथात नेमकं इथेच बोट ठेवलं. ज्या तऱ्हेची रचना कर्ता असताना होते आणि नसताना होत नाही असं आपण पाहिलेलं आहे, त्या तऱ्हेच्या रचनेवरून कर्त्याचं अनुमान खुशाल करा, असं तो म्हणतो. पडका वाडा दिसला आणि बांधणारा कधी दिसला नाही, तरी गवंडी होता हे अनुमान बरोबरच आहे. पण वाडा आणि डोंगर दोन्हींना ‘रचना’ हा एकच शब्द लावता येतो, एवढ्यावरून डोंगराला गवंडी मिळत नाही. धूर पांढुरका असतो, म्हणून पांढुरकं काहीही दिसलं की तिथे आग आहे असं म्हणता येत नाही. ‘गो’ म्हणजे गाय आणि ‘गो’ म्हणजे वाणीसुद्धा. म्हणून वाणीला शिंगं येत नाहीत. आणि मग तो वारुळाचं उदाहरण देतो. मडकं हा मातीचा विकार आणि तो कुंभाराने केलेला. वारूळ हाही मातीचाच विकार. ‘मातीचा विकार’ एवढ्यावर कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल.

हे वारूळ लेखकांनी एकदा जवळून पाहावं. एक वाळवी लाळेत कालवलेला मातीचा कण आणून ठेवते, दुसरी त्याच्याशेजारी आपला कण ठेवते. भिंत उभी राहते, आत वाटा आणि हवा खेळती ठेवणाऱ्या पोकळ्या तयार होतात, आणि या सगळ्याचा आराखडा त्यांतल्या एकीच्याही डोक्यात नसतो. धर्मकीर्तीला एवढं सांगायचं नव्हतं. त्याचा मुद्दा अनुमानाच्या शिस्तीचा होता. पण सुबक रचना आहे म्हणजे आधी कुणीतरी ती मनात योजलीच असणार, ही समजूत त्याच्या उदाहरणात आपोआप ढासळते.

नैयायिक यावर गप्प बसले नाहीत. रानात न पेरता उगवलेलं गवत दाखवून विरोधक म्हणत, हे कार्य आहे, पण याचा कर्ता कुठे दिसतो? नैयायिक उत्तर देत: गवत पक्षातच मोडतं, त्याच्याही कर्त्याविषयीच वाद चालू आहे, तेव्हा त्याला व्यभिचाराचं, म्हणजे नियम मोडल्याचं, उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. उत्तर हुशारीचं आहे. पण त्याची किंमत पाहा. नियमाला छेद देणारी प्रत्येक वस्तू जर पक्षात ढकलायची असेल, तर नियम खोटा ठरण्याची वाटच उरत नाही, आणि मग तो पाहण्यातून आला असं म्हणण्यात अर्थ राहत नाही.

दुसरी अडचण शरीराची. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी आहे. कुंभाराला हात आहेत, चाक आहे, त्याच्यासमोर आधीपासून माती आहे. दृष्टांताचं बोट धरून चालायचं तर जगाचा कर्ता देहधारी निघतो, एकापेक्षा अनेकही निघू शकतो, आणि सर्वज्ञ तर मुळीच निघत नाही, कारण कुंभारही तसा नसतो. नैयायिक म्हणतात, कार्यासाठी कर्ता लागतो एवढंच घ्या, शरीर हे जादा विशेषण आहे. मग विचारावंसं वाटतं की शरीर जादा, चाक जादा, माती जादा, आणि ज्ञान-इच्छा-प्रयत्न तेवढे आवश्यक, ही निवड कशाच्या आधारावर केली? कुंभाराकडे पाहून तर ती होत नाही.

कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात हीच गाठ अधिक आवळली. मडकं कुणाच्या अधिष्ठानाखाली, म्हणजे देखरेखीखाली, घडतं? फक्त कुंभाराच्या म्हणाल, तर जगाचा कर्ताही कुंभारासारखा नाशवंत आणि अनीश्वर ठरेल, म्हणजे हेतू उलटून साध्याच्याच विरुद्ध जाईल. कुंभाराच्या मागे ईश्वर आहे म्हणाल, तर जे सिद्ध करायचं तेच दृष्टांतात घुसवलं. समोरच्याला ते मान्य नाही, तेव्हा त्याच्या लेखी दृष्टांत साध्यहीन, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच त्यात नाही. आणि हे कुमारिल वेदप्रामाण्यासाठी आयुष्यभर लढलेले मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे पंडित, आहेत! लेखात ‘नास्तिक’ आणि ‘निरीश्वरवादी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत, तिथेच घोटाळा आहे. मनुस्मृतीच्या व्याख्येने नास्तिक म्हणजे वेदनिंदक. मीमांसक आणि सांख्य त्या अर्थाने पक्के आस्तिक, आणि तरीही जगाचा कर्ता न मानणारे. ईश्वर नाकारणं ही परकी कल्पना आहे, हे लेखातलं दुसरं वाक्य मग कोणत्या आधारावर उभं राहतं?

नैयायिक उदयनाचार्यांचं नाव लेखात आदराने घेतलं आहे. ते घ्यायलाच हवं. दहाव्या शतकाच्या अखेरीस एवढ्या ताकदीने ईश्वरसिद्धी मांडणारा दुसरा कोणी नव्हता. पण त्यांच्या न्यायकुसुमांजलीचं पान न्‌ पान आक्षेपांना उत्तर देण्यात खर्ची पडलं आहे. प्रतिपक्षाला उत्तरच नसतं तर हा ग्रंथ लिहिण्याचं त्यांना कारण नव्हतं. विरोधकाचं म्हणणं आधी पुरतं मांडायचं आणि मग खोडायचं, ही त्यांची शिस्त. लेखकांनी नाव घेतलं आणि शिस्त सोडून दिली.

आता लेखातला घड्याळाचा दाखला: घड्याळ आहे म्हणजे ते घडवणारा आहेच. इंग्रज धर्मपंडित विल्यम पेलीने तो 1802 साली दिला. मडक्याच्या जागी घड्याळ ठेवलं, एवढाच फरक. त्याला लागू पडणारी उत्तरं तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या 1779 साली छापलेल्या संवादांत आधीच आलेली होती, आणि डोळ्यासारखा अवयव योजनेशिवाय कसा घडू शकतो हे डार्विनच्या 1859 सालच्या ग्रंथानंतर कळत गेलं. यावर जास्त लिहीत नाही.

मला जास्त लागलं ते सांख्यसूत्राचं, म्हणजे सांख्य दर्शनाच्या सूत्रग्रंथातल्या एका सूत्राचं. लेखात ‘ईश्वराभावात्‌’ (ईश्वर नसल्यामुळे) असं सूत्र छापलं आहे आणि त्यावर टोमणा आहे की, नाही हे सिद्ध कोण करणार? असं सूत्रच नाही. सूत्र आहे ‘ईश्वरासिद्धेः’, पहिल्या अध्यायातलं 92 वं. संदर्भ प्रत्यक्षाच्या, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या, व्याख्येचा आहे. तुमची व्याख्या ईश्वराच्या ज्ञानाला लागू पडत नाही, असा आक्षेप येतो. उत्तर मिळतं की, ईश्वर सिद्ध झालेला नाही, म्हणून हा दोष येत नाही. असिद्धी आणि अभाव यांत किती अंतर आहे हे स्वतः ईश्वर मानणाऱ्या विज्ञानभिक्षू या भाष्यकारांनी याच सूत्रावर लिहिताना दाखवलं: सूत्रकाराला नसणंच सांगायचं असतं तर त्याने ‘ईश्वराभावात्‌’ म्हटलं असतं. म्हणजे लेखकांनी छापलेला पाठ हा विज्ञानभिक्षूंनी ‘असा नाही’ म्हणून दाखवलेला पाठ आहे! जो ‘आहे’ म्हणतो त्याने प्रमाण द्यावं, ते येईपर्यंत मी मानत नाही, ही भूमिका घ्यायला अभाव सिद्ध करावा लागत नाही. तिला ‘तीही एक श्रद्धाच’ म्हणणं साफ चूक आहे.

शिवाय ‘नाही’ हे कधीच सिद्ध करता येत नाही, हेही खरं नाही. पुढचंच सूत्र पाहा. ईश्वर मुक्त की बद्ध? मुक्त असेल तर त्याला इच्छा नाही, मग जग कशाला करील? बद्ध असेल तर तो आपल्यासारखाच, त्याला ते जमणार नाही. वर्णनातच विसंगती दाखवता आली तर त्या वर्णनाची वस्तू नाही, हे सिद्ध होतं. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने 1955 साली जगातलं दुःख आणि ईश्वराची सर्वशक्तिमत्ता यांच्याबाबत तोच प्रयत्न केला. त्याला इच्छास्वातंत्र्याचं, म्हणजे दुःख माणसाच्या स्वतंत्र निवडीतून येतं असं, जोरकस उत्तर मिळालं हे मी मान्य करतो. पण वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाला ते उत्तर पुरत नाही. विल्यम रो या तत्त्वज्ञाने 1979 मध्ये हे उदाहरण मांडलं. तिथे कुणाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं नसतं.

‘ते पूर्वकर्म’ असं लेखकांनी दोन ओळींत आटोपलं आहे. ब्रह्मसूत्रानेही (2.1.34) पक्षपात आणि निर्दयता हे दोष कर्माच्या आधारे टाळले आहेत. ठीक. पण फळ कर्माप्रमाणेच मिळणार असेल तर मध्ये ईश्वर काय करतो? सांख्यसूत्र (5.2) हेच विचारतं. धर्मकीर्तीचा दाखला तर लख्ख आहे: चैत्राला शस्त्राने जखम झाली, औषधाने ती भरली. आता ज्याचा काही संबंध नाही त्या खुंटालाही त्याचं कारण का मानू नये?

आणखी एक. लेखासोबतचं चित्र. चार्वाक तुपाचा गडू तोंडाला लावून बसलेला, खाली ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्‌’. ही ओळ चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहातली, तीही चार्वाकांवरच्या प्रकरणाच्या शेवटी. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला तोच श्लोक ‘नास्ति मृत्योरगोचरः’ असा आहे. जगायचं तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही, एवढंच. कर्जही नाही, तूपही नाही. ज्यांचे मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत आले नाहीत अशा लोकांना त्यांच्या विरोधकांच्या तोंडून ऐकताना थोडी जास्त काळजी घ्यायला हवी होती.

सूत्राची दुरुस्ती याच पुरवणीत, लेख जिथे छापला त्याच जागी यावी. लेखमालेचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात आहे असं खाली लिहिलं आहे. त्यात लेखकांनी वारुळाचं उत्तर द्यावं. पटलं तर तसं कळवीन.

आपला,
एक नियमित वाचक