बोल यंत्राला कशाला?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्यसमाज रंगवणाऱ्या लघुकथांवरचा लेख वाचला. चित्र झकास होतं (मोबाइलच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस, दुसरं काय असणार!) आणि निष्कर्षही तयारच होता: ई. एम. फॉर्स्टर, रे ब्रॅडबरी या लेखक मंडळींना मोबाइल आधीच दिसला होता, यंत्र माणसाला एकटं पाडणार हे त्यांनी ओळखलं होतं, आपण ऐकलं नाही. लेखकमहाशयांनी कथा वाचल्या असतील असं मी धरून चालतो. पण मग फॉर्स्टरच्या ‘द मशीन स्टॉप्स’मधली वाश्ती त्यांना ‘बिचारी एकाकी आई’ कुठे वाटली?

वाश्ती चांगली मजेत आहे हो. जमिनीखालच्या षट्कोनी खोलीत बसल्या जागी तिला यंत्राकडून सगळं मिळतं. तिच्या ओळखीची माणसं हजारोंनी आहेत. मुलाशी बोलणं झाल्यावर ती संपर्क बंद ठेवणारी कळ उठवते, तर तेवढ्या तीन मिनिटांत साचलेल्या घंटा एकदम खणखणायला लागतात. नवीन खाणं कसं आहे? एवढ्यात काही विचार सुचला का? असे प्रश्न. ही बाई एकटी असेल तर आपण सगळे हिमालयात बसलो आहोत. एकटा आहे तो तिचा मुलगा कूनो, कारण त्याला आईला यंत्रातून नव्हे, समोरासमोर भेटायचं आहे. त्यावर आई काय म्हणते? यंत्राविरुद्ध बोलू नकोस. का? तर बोलू नये. बस्स, एवढंच. सगळी कथा त्या दोन ओळींत आहे आणि आपल्या लेखात नेमक्या त्याच नाहीत. कथा 1909 ची आहे. तेव्हा घरोघरी रेडिओसुद्धा नव्हता. फॉर्स्टरने ती विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सच्या गोडगोड भविष्यस्वप्नांना उत्तर म्हणून लिहिली. भविष्य सांगायचा धंदा त्याने केला नाही.

मला हे इतकं झोंबण्याला कारण आहे. आमच्या वाचक मंडळाने याच कथेवर चर्चा ठेवली होती. मी कथा नीट वाचून, समासात पेन्सिलीने खुणा करून, ठरल्या वेळी हॉलवर पोचलो, तर दाराला कुलूप. रखवालदार म्हणाला, “काका, आज ते सगळं मोबाइलवर आहे.” निरोप म्हणे आदल्या दिवशी ग्रुपवर टाकला होता. मी त्या ग्रुपवर नाही, हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक. घरचा नंबर मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर आहे. एकालाही फोन करावासा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी चिटणीसांना विचारलं, तर म्हणाले, “अहो, सगळ्यांना सोयीचं पडतं. तुमचंच काय अडतं?” आवाजात राग नव्हता, उलट काळजी होती. मला बरंबिरं नाही की काय, अशी. एका सभासदाकडून नंतर कळलं की चर्चा फार रंगली. बहुतेकांचे कॅमेरे बंद होते आणि ‘माणसांनी प्रत्यक्ष भेटायला हवं’ यावर सर्वांचं एकमत झालं!

आता यात मोबाइलचा काय दोष, सांगा. चांगल्या, वाचत्या, सुसंस्कृत माणसांनी मला बाहेर ठेवलं, आणि तेही ठराव वगैरे न करता. मंडळाच्या घटनेत ‘ग्रुपवर असणे अनिवार्य’ असं कुठेही लिहिलेलं नाही. मी पाहिलंय.

ब्रॅडबरीच्या ‘द पेडेस्ट्रियन’मध्येही तसं काही लिहिलेलं नाही. ही 1951 ची कथा 2053 सालात घडते. लेनर्ड मीड नोव्हेंबरच्या रात्री एकटाच फिरायला निघतो. तीस लाखांच्या शहरात पोलिसांची एकच गाडी उरली आहे, ती त्याला अडवते. आत माणूस नाही. धंदा काय? लेखक. गाडी नोंद करते: धंदा नाही. बाहेर काय करताय? चालतोय. कशासाठी? चालण्यासाठी. आणि सरळ मनोरुग्णांच्या केंद्रात रवानगी. गाडी त्याला एकही कलम सांगत नाही, आणि कलमाची गरजच काय? दोन्ही बाजूंच्या घरांत सगळे आपापल्या पडद्यासमोर बसलेले आहेत, बाहेर हा एकटाच. तेवढा पुरावा पुरतो. आपल्या लेखात या कथेचं सार ‘टीव्हीने माणसं घरात कोंडली’ असं दिलं आहे. ब्रॅडबरीला स्वतःला रात्री मित्राबरोबर पायी चालताना पोलिसाने हटकलं होतं, त्यातून ही कथा सुचली. तो पोलीस हाडामांसाचा होता, एवढं ध्यानात घ्यावं.

कर्ट व्हॉनेगटची ‘हॅरिसन बर्गरॉन’ तर या यादीत उगाच घुसडली आहे. तिच्यात सगळ्यांना सक्तीने सारखं करायचा कायदा आहे, म्हणून हुशारांना आणि बळकटांना ओझी लावतात. ‘मेंदूवर यंत्राचा ताबा’ म्हणे! हॅरिसनचा बाप जॉर्ज, त्याच्या कानात विचार मोडणारा रेडिओ आहे खरा, पण गळ्यात 47 पौंड छऱ्यांची पिशवीही कुलूप लावून अडकवलेली आहे. पिशवीला कुणी टेक्नॉलॉजी म्हणत असेल तर माझी हरकत नाही. बायको म्हणते, घरातल्या घरात दोन-चार छरे काढून ठेव ना. एका छऱ्याला दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड, हे तो तिला सांगतो. इथवर भीती समजू शकते. पण पुढे तो स्वतःच कायद्याची वकिली करायला लागतो: मी काढले तर बाकीचेही काढतील, मग समाजाचं काय होईल? कानातला रेडिओ हे बोलायला लावत नाही. बुद्धी मोडून काढायला नेमलेलं यंत्र कानात असताना हा माणूस उरलेली बुद्धी त्या यंत्राच्या बचावासाठी वापरतो, आणि आपल्या लेखकांना त्यात रेडिओ तेवढा दिसला.

यंत्र बाजूला काढलं तरी गोष्ट तीच राहते, हे पाहायचं तर शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ (1948) घ्यायला हवी होती. तिच्यात गावकरी रिवाज म्हणून चिठ्ठ्या काढतात आणि जिची चिठ्ठी निघेल त्या आपल्यातल्याच व्यक्तीला दगडांनी ठेचतात. लाकडाची काळी पेटी, कागदाच्या चिठ्ठ्या आणि दगड, याखेरीज त्यात काही उपकरण नाही. ती छापून आल्यावर त्या उन्हाळ्यात तीनशेहून जास्त पत्रं आली. त्यांतली तेराच बऱ्यापैकी होती आणि तीही बहुतेक मित्रमंडळींची, असं तिनेच पुढे सांगितलं. पत्रलेखकांची जात तेव्हाही अशीच होती, तेव्हा या पत्राचंही आपण वाईट वाटून घेऊ नये.

वाश्तीबद्दल आणखी एक. कथेच्या उत्तरार्धात यंत्र बिघडू लागतं. तिच्या आवडत्या संगीतात मध्येच उसासे ऐकू येतात. ती दुरुस्ती समितीकडे तक्रार करते, लवकरच दुरुस्त होईल असं उत्तर येतं, आणि होत काहीच नाही. काही दिवसांनी तो उसासा तिला खटकेनासा होतो, त्या सुरावटीचाच भाग वाटू लागतो. आंघोळीच्या पाण्याला वास येतो, कृत्रिम फळांवर बुरशी दिसते, त्याचंही तेच. पुरवणीतल्या लेखात यातलं अवाक्षर नाही.

तक्रारींवरून आठवलं. शब्दकोड्याची उत्तरं छापणं आपण बंद केलंत आणि त्या जागी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापता. तो स्कॅन केला की म्हणे उत्तरं दिसतात. कार्यालयात फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. म्हणाली, “सर, आता सगळेच वाचक स्कॅन करतात, तुम्हाला काही अडचण आहे का?” तुमची सूचना पुढे कळवते, असंही म्हणाली. तिने कळवली असेल याविषयी मला शंका नाही. चौकोन मात्र अजून जागच्या जागी आहे, मागच्यापेक्षा थोडा मोठाच. तेवढ्या जागेत आठही उत्तरं सहज मावतील. छापायला शाईसुद्धा कमी लागेल, कारण तो चौकोन अर्धा काळाच असतो.

तोवर निदान शुक्रवारच्या कोड्याचं तरी सांगा. आडवे सात, ‘हट्टी’, चार अक्षरी. ‘हेकेखोर’ही बसतं आणि ‘दुराग्रही’ही, आणि उभे तीन काही केल्या सुटत नाही. पत्ता पाकिटावर लिहिला आहे, पोस्टकार्ड चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार