नुसता स्पीड छापून पिचर कळत नाही

मा. संपादक,
स. न.

तुमच्या क्रीडा पानावर हल्ली बेसबॉलच्या बातम्या यायला लागल्यात, जपानी स्टार ओहतानीमुळे का असेना पण येतात, आणि मी रोज ई-पेपर वाचते त्यामुळे त्या नजरेतून सुटत नाहीत. बरं वाटतं. पण एक तक्रार आहे, ती जरा लांबलचक आहे, जागा नसेल तर खुशाल कापा. पिचरबद्दल, म्हणजे बेसबॉलच्या बॉलरबद्दल, काहीही छापायचं म्हटलं की तुमच्याकडे एकच गोष्ट असते, स्पीड. अमक्याने ताशी १६१ किमीने टाकला, तमक्याने १६३ ने, मथळ्यात 'तोफगोळा' नाहीतर 'आग ओकली', संपली बातमी. हात कुठून आला, पाय कुठे पडला, त्याच्याकडे अजून कुठले बॉल आहेत, कशानंतर काय टाकलं, यातलं एक अक्षर नाही. बुमराबद्दल लिहिताना असं करता का तुम्ही? त्याचा तो ताठ हात, आखूड रनअप, यॉर्कर, स्लोअर वन, यावर तुमचीच माणसं अर्धं अर्धं पान लिहितात की!

आता ओहतानीचंच घ्या. २१ मार्च २०२३, मायामी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची, म्हणजे देशादेशांच्या स्पर्धेची फायनल, जपान ३-२ ने पुढे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट (तिसरा झाला की संपलं), आणि समोर अमेरिकेचा कॅप्टन माइक ट्राउट, जो तेव्हा अमेरिकेतल्या एंजल्स टीममध्ये ओहतानीबरोबरच होता. ओहतानीने त्याला ताशी १०० मैलांच्या आसपासचे फास्टबॉल टाकले, त्यातल्या दोनांवर ट्राउटने बॅट फिरवली पण ती लागलीच नाही, आणि सगळ्यात जोरात टाकलेला, १०२ मैलांच्या घरातला, म्हणजे जवळपास १६४ किमी, तो गेला स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅट्समनसमोरच्या वैध चौकटीच्या, बाहेर. काउंट फुल, म्हणजे अजून एक स्ट्राइक की आउट, अजून एक बाहेर की बेस फुकट. मग मॅच कशाने संपवली? ८७ मैलांच्या स्वीपरने, म्हणजे १४० किमीच्या बॉलने, जो होम प्लेटवरून (बॅट्समनपुढची जमिनीतली पाटी) आडवा सरकत सरकत बाहेर निघून गेला आणि ट्राउटची बॅट हवेत फिरली. १०२ चा आकडा मथळ्यात येतो आणि ८७ चा बॉल मॅच जिंकून देतो, हे वाचकाला कोणी सांगायचं?

मी सॅन होजेला राहते. इथे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची खालच्या पायरीवरची टीम आहे, अठरा-वीस वर्षांची पोरं असतात, तिकीट फार महाग नसतं आणि होम प्लेटच्या मागे जवळ बसायला मिळतं. तिथेच स्काउट लोक बसतात. त्यांना ओळखायला वेळ लागत नाही, एका हातात रडार गन, गळ्यात नाहीतर खिशात स्टॉपवॉच, मांडीवर वही नाहीतर टॅब, आणि कोणी चौकार, सॉरी, होमरन मारली तरी चेहरा ढिम्म. पहिल्या एक-दोन इनिंग गन वर-खाली होत राहते, आकडे लिहिले जातात. मग बघा, त्यातला एखादा उठतो आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला (प्लेटमागून बघताना डावीकडे) जाऊन बसतो. उजव्या हाताचा पिचर असेल तर त्याची छाती त्या बाजूला असते ना, म्हणून तिथून हात अख्खा दिसतो, ग्लोव्हमधून बॉल कधी निघाला, खाली कुठपर्यंत गेला, वर कसा आला. डावखुरा असेल तर तोच माणूस पहिल्या बेसच्या बाजूला जाणार. तिथे गन बंद. आता तो बॉलकडे बघतच नाही, पिचरकडे बघतो.

काय बघतो ते सांगते. पुढचा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी हात कुठे आहे, हे सगळ्यात आधी. हात तोवर वर आलेला पाहिजे, मागे रेंगाळत असेल तर सगळा भार खांद्यावर नि कोपरावर येतो आणि बॉल वर वर जायला लागतो. मग तो पाय दरवेळी एकाच जागी पडतो का, हे मातीतल्या खुणेवरून कळतं, तिसऱ्या-चौथ्या इनिंगला तिथे एकच खड्डा झालेला असेल तर पोरगं चांगलं, चार वेगवेगळ्या खुणा असतील तर कंट्रोल कसला येणार. कंबर आधी वळते आणि खांदे मागाहून, का दोन्ही एकदमच वळतात? डोकं एका बाजूला फेकलं जातं का? बॉल बॅट्समनपासून किती वेळ लपून राहतो? बेसवर रनर असला की पाय उंच उचलून चालत नाही, तेव्हा स्टॉपवॉच निघतं, पहिल्या हालचालीपासून कॅचरच्या (आपला विकेटकीपर) ग्लोव्हपर्यंत साधारण १.३ सेकंद, त्याहून बराच जास्त वेळ लागला तर रनर बेस चोरणारच, म्हणजे तेवढ्यात पुढच्या बेसवर पळणारच. आणि घाई केल्यावर अ‍ॅक्शन तीच राहते का? खूप पोरांची तिथेच मोडते.

हे सगळं मग २० ते ८० च्या मापावर लिहितात. ५० म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधला, सरासरी, ६० चांगला, ८० म्हणजे विरळाच. प्रत्येक बॉलला वेगळा मार्क, फास्टबॉल ६०, स्लायडर (आडवा वळत खाली जाणारा) ५५, चेंजअप ४०, कंट्रोल ४५, असं. शिवाय दोन आकडे, आज किती आहे आणि पुढे किती होईल. दुसरा आकडा म्हणजे खरा स्काउट. पहिला काय, आता मशीनही सांगतं, २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची मोजणी यंत्रणा आहे, बॉल किती फिरला, किती इंच वळला, हातातून कुठून सुटला, सगळं मोजून मिळतं. स्काउट गेले कामातून असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, कारण एकोणीस वर्षांच्या पोराचा हात पाच वर्षांनी काय करेल हे कुठलाही कॅमेरा सांगत नाही. अर्थात स्काउटही दरवेळी बरोबर असतात असं नाही.

पिचर टिम लिन्सकम घ्या, आमच्या भागात त्याचं नाव काढलं की अजून लोक खुलतात. पाच फूट अकरा इंच, काडीपैलवान, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा. त्याची अ‍ॅक्शन एकदा बघाच, पाठ जवळजवळ बॅट्समनकडे वळलेली, डोकं कललेलं, आणि मग स्वतःच्या उंचीपेक्षा लांब टांग टाकून बॉल सोडायचा. वडिलांनी लहानपणापासून शिकवलेली. २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, नऊ टीमनी त्याला सोडलं, एवढासा जीव आणि असली अ‍ॅक्शन, हा टिकणार नाही म्हणून, आणि दहाव्या नंबरवर जायंट्सनी उचलला. २००८ आणि २००९, लागोपाठ दोन साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा). २०१० ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकली. पण पुढचंही सांगायला पाहिजे, २०१२ पासून त्याचा स्पीड उतरला, २०१५ ला कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं आणि तिशी उलटल्यावर लगेचच करिअर आटपलं. म्हणजे शंका घेणारे अगदीच वेडे नव्हते. तरीपण त्या नऊ टीमना आज विचारलं तर सगळ्या म्हणतील द्या, जेवढी वर्षं मिळतील तेवढी द्या. उंचीचा हाच आक्षेप पिचर पेड्रो मार्टिनेझवरही होता, लॉस एंजेलिस डॉजर्सनी १९९३ ला त्याला माँट्रियलच्या टीमला देऊन टाकलं आणि त्याने पुढे तीन साय यंग घेतले.

दुसरं टोक म्हणजे टायलर रॉजर्स. बरीच वर्षं जायंट्सकडून खेळला. याचा फास्टबॉल ८३ मैलांच्या आसपास, म्हणजे १३३-१३४ किमी, आपल्या रणजीतल्या मध्यमगती बॉलरएवढा. रडार गन घेऊन नुसता स्पीड बघणारा याला गेटबाहेरूनच परत पाठवेल. पण हा पूर्ण वाकून जमिनीपासून जेमतेम फूट-दीड फुटावरून बॉल सोडतो, बोटं मातीला घासतील असं वाटतं, आणि त्याची स्लायडर चक्क वर चढत येते. बॅट्समन जन्मभर वरून येणारे बॉल खेळलेला, त्याला हा कोन सापडतच नाही. गंमत म्हणजे त्याचा जुळा भाऊ टेलर, तोही मेजर लीग पिचर, पण डावखुरा आणि नेहमीसारखी अ‍ॅक्शन. एकाच घरातले, एकाच चेहऱ्याचे, आणि स्काउटच्या वहीत दोघांची पानं एकमेकांशी काडीचीही जुळणार नाहीत. (हात कुठला ते महत्त्वाचं असतं म्हणून जाता जाता सांगते, तुमच्याकडे मागे एका पिचरचा फोटो उलटा छापला होता, ग्लोव्ह उजव्या हातात, राइट-हँडर माणूस डावखुरा करून टाकलात.)

आता बॉलचे प्रकार. क्रिकेटच्या बॉलची सीम सरळ एका पट्ट्यात असते, बेसबॉलची तशी नसते, लाल धाग्याचे १०८ दुहेरी टाके घोड्याच्या नालेच्या आकारात बॉलभर फिरतात, त्यामुळे बोटं कुठे ठेवली त्यावर सगळा खेळ. दोन बोटं नालेवर आडवी ठेवून सोडला की फोर-सीम, मागच्या बाजूने गरगर फिरत येतो, त्यामुळे जितका पडायला पाहिजे तितका पडत नाही आणि बॅट्समनला वाटतं वर उसळला. बोटं सीमच्या लांबीने ठेवली की टू-सीम नाहीतर सिंकर, खाली आणि आत जातो. स्प्लिटरला दोन बोटांच्या बेचक्यात धरायचा, प्लेटजवळ येऊन तो धपकन बसतो. आणि चेंजअप, माझा सगळ्यात लाडका. हात फास्टबॉलच्याच जोरात यायला पाहिजे, अगदी तस्साच, पण बॉल तळहातात खोल धरलेला असल्यामुळे आठ-दहा मैल हळू निघतो. ९५ मैलांचा बॉल साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर येतो, बॅट्समनने ठरवायचं कधी? त्याने फास्टबॉल समजून बॅट फिरवली की संपलं. पण पोरगं चेंजअप टाकताना हात जरा जरी आवरता घेत असेल तर तो बॉल असून नसल्यासारखा. म्हणून डिलिव्हरी आणि बॉलचे प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच हातातून सगळे एकसारखे दिसत निघाले तरच त्या चार बॉलना चार बॉल म्हणायचं.

किती प्रकार लागतात याचंही असं ठरीव नाही. सुरुवात करणाऱ्या पिचरला निदान तीन बरे बॉल पाहिजेत असं स्काउट मानतात, कारण तेच बॅट्समन तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा त्यांना सगळं पाठ झालेलं असतं. दोनच असले तर पोराला रिलीव्हर (मधून येऊन थोडा वेळ टाकणारा) म्हणून लिहून मोकळे होतात. रिलीव्हर मारिआनो रिवेरा मात्र जवळपास एका कटरवर (शेवटी जरासा वळणारा फास्टबॉल) ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी टिकवणं, करून गेला आणि २०१९ ला हॉल ऑफ फेममध्ये शंभर टक्के मतांनी गेला, तेव्हा नियम सांगताना रिवेरा सोडून असं म्हणावं लागतं.

आपल्याकडचा संबंध म्हणाल तर आहे. २००८ ला भारतात मिलियन डॉलर आर्म नावाची स्पर्धा झाली, हजारो पोरांनी बॉल फेकले, गनवर आकडे बघितले, आणि उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडून अमेरिकेत नेले. टॉम हाउससारख्या कोचने शिकवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. ज्यांनी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्यांच्यासाठी हे अचाटच आहे. पण मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू खालच्या श्रेणीत काही वर्षं चांगला खेळला आणि मग कोपराने दगा दिला. हात जोरदार होता, त्याबद्दल वादच नाही. पण दुसरा-तिसरा बॉल, दबावाखाली तीच अ‍ॅक्शन, हे इथली पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून करत असतात, ते वर्षभरात कसं येणार?

आणि भाल्यावरून यामामोटो. जपानचा योशिनोबू यामामोटो, पाच फूट दहा इंच, सरावात भाल्यासारखं छोटं शस्त्र फेकतो, पाय धड उचलतही नाही, सरकवल्यासारखा पुढे टाकतो, आणि त्यातून फास्टबॉल, स्प्लिटर, कर्व्ह, कटर सगळे एकाच जागेतून निघतात. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दुसरी मॅच पूर्ण टाकली, सहाव्यात ९६ बॉल टाकून जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचमध्ये परत येऊन शेवटपर्यंत टाकला, डॉजर्स जिंकले, एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, हाच. लागोपाठ दोन दिवस तो हात तसाच कसा चालला, ही खरी बातमी होती हो.

स्पीडच्या मागे लागण्याचं नुकसानही होतंय. मेजर लीगनेच डिसेंबर २०२४ ला पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यात जास्तीत जास्त वेग आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकणं ही मोठी कारणं म्हणून सांगितलीत, आणि शाळकरी पोरांपर्यंत ते पोचलंय असंही. कोपरातला फाटलेला अस्थिबंध बदलायचं ते टॉमी जॉन ऑपरेशन डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ ला पहिल्यांदा केलं तेव्हा नवल होतं, आता पिचरच्या ओळखीत डावा-उजवा सांगावं तसं कितव्या वर्षी झालं ते सांगतात. आपल्याकडच्या क्रिकेट अकादम्यांतही स्पीड गन आल्यात आणि आईबाप पोराचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, तेव्हा हे छापायला हरकत नसावी.

२०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉलही आहे. तुमचा प्रतिनिधी येईलच. त्याला सांगा, निदान एक दिवस प्रेस बॉक्स सोडून तिसऱ्या बेसच्या बाजूचं तिकीट काढ, आणि प्रत्येक पिचरचे किती प्रकारचे बॉल बघितले, कुठल्या बॉलवर कोण फसला, एवढं तरी लिहून पाठव. स्पीड चौकटीत छापा, लोकांना तोही लागतोच.

आपली,
एक वाचक, सॅन होजे (मूळ नाशिक)