दिलीला माणसं पाठवा, आणि ती गोव्यातून पाठवा

माननीय संपादक,

ऑक्टोबर 2025 मध्ये तिमोर-लेस्ते हा इंडोनेशियाला लागून असलेला छोटा देश आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचा, 11वा सदस्य झाला, ती बातमी मी चार ओळींत वाचली आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय म्हणून हे पत्र.

हा देश 20 मे 2002 ला स्वतंत्र झाला. चीनने त्याच दिवशी राजनैतिक संबंध जोडले, नंतर राजधानी दिलीत राष्ट्रपती भवन आणि परराष्ट्र खात्याची इमारत बांधून दिली. आपण 2003 मध्ये संबंध जोडले खरे, पण कारभार सगळा जकार्तातल्या दूतावासातून. दिलीत स्वतःचा दूतावास उघडायचं पंतप्रधानांनी जाहीर केलं ते सप्टेंबर 2023 मध्ये, म्हणजे तोवर वीस वर्षं गेली होती. 2024 मध्ये राष्ट्रपती मुर्मू तिथे जाऊन आल्या, भारताच्या राष्ट्रपतींची ती पहिलीच भेट, आणि मला त्याचा खरंच आनंद झाला. पण सोयरीक जुळली की घरी जाणं-येणं लागतं, ते आपण इतकी वर्षं ठेवलंच नाही.

आणि हा देश आपल्याला परका नाही हो. तिमोरही गोव्यासारखीच पोर्तुगीजांची वसाहत, आणि 19व्या शतकापर्यंत तिचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा. एप्रिल 1974 मध्ये पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, हुकूमशाही पडली, नवीन सरकारने त्याच वर्षाच्या शेवटी गोवा भारताचा असल्याचं करारात मान्य केलं, आणि त्याच उलथापालथीत तिमोर मात्र वाऱ्यावर सुटला. नोव्हेंबर 1975 मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊ दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. पुढची 24 वर्षं काय झालं ते वाचताना अंगावर काटा येतो. 1999 च्या सार्वमतात 78 टक्क्यांवर लोकांनी स्वातंत्र्य मागितलं तर इंडोनेशियाच्या सैन्याने आणि त्याच्या पाठीराख्या टोळ्यांनी शाळा, दवाखाने, घरं जाळून टाकली, डॉक्टर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

अशा वेळी क्युबाने काय केलं बघा. स्वतः गरीब देश, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तरी शेकडो डॉक्टर तिमोरच्या खेड्यापाड्यात पाठवले आणि तिथल्या शेकडो पोरांना आपल्याकडे नेऊन डॉक्टर केलं. आज तिमोरच्या गावात एखाद्या बाईचं बाळंतपण करणारा डॉक्टर क्युबात शिकलेला असू शकतो, आता त्या बाईला क्युबा कुठे आहे ते सांगावं लागेल का? मैत्री मला वाटतं अशी होते.

आपण पण स्कॉलरशिप देतो, आयटेक या भारत सरकारच्या योजनेतून परदेशी लोकांना ट्रेनिंग देतो, ते चांगलंच आहे. पण तिथली खरी अडचण भाषेची. तेतुम आणि पोर्तुगीज या तिथल्या राजभाषा, कायदे पोर्तुगीजमध्ये, आणि इंडोनेशियाच्या काळात वाढलेल्या पिढीला पोर्तुगीज धड येत नाही. इथे आपल्या पणजी-मडगावात जुने पोर्तुगीज कागद वाचणारे वकील आहेत, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड गोव्याच्या कोर्टात अजून चालतो. मी सावंतवाडीचा, आजोळ म्हापशाचं, लहानपणी शेजारच्या म्हाताऱ्यांना आपसात पोर्तुगीज बोलताना ऐकलंय. ती पिढी आता संपत आलीय म्हणून घाई करा म्हणतोय.

परराष्ट्र खात्याला आणि गोवा सरकारला माझी कळकळीची विनंती आहे, दिलीच्या दूतावासात पोर्तुगीज येणारी निदान दोन-चार गोंयकार माणसं नेमा, आणि दरवर्षी तिथले वीस-पंचवीस विद्यार्थी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात आणि पणजीच्या लॉ कॉलेजात शिकायला येऊ देत. 2014 मध्ये लुसोफोनिया गेम्ससाठी, म्हणजे पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी, तिमोरचे खेळाडू गोव्यात आले होते, तेव्हा जमलं तर हे का जमू नये?

आपला नियमित वाचक,
सावंतवाडी