सहीच्या आधी

सांगली, रविवार दुपार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन केलास, पण नीट बोलला नाहीस. बॅग भरताना आपलं वाजलं, ते मनात ठेवू नकोस. नायब तहसीलदार झालास म्हणून आजीनं अख्ख्या गावभागात पेढे वाटले. मला अभिमान नाही का? पण "साहेबाला माहीत नाही हे लोकांना कळलं की संपलं," हे तुझं बोलणं मला अजून पटलेलं नाही.

दाखला दिलास तो स्टार ट्रेकचा, आपल्या त्या अंतराळयानांच्या मालिकेचा. १९६६ चा भाग, एका कॅप्टन कर्कचे दोन होतात, आणि त्याचा सहकारी स्पॉक बजावतो की कॅप्टन दुबळा दिसला तर हुकूम चालणार नाही. खरंय. पण तेव्हा यानावरचाच सुलू आणि त्याचे सोबती खाली ग्रहावर गारठून मरायला टेकले होते, ते तू विसरलास. कॅप्टनच्या रुबाबानं त्यांना ऊब मिळाली नसती.

आणि त्यातलाच 'द फर्स्ट ड्यूटी' हा भाग? यान उडवायला शिकणाऱ्या पोरांच्या पथकात बंदी असलेली कसरत करताना एक मुलगा जातो, आणि पथकाचा म्होरक्या मेलेल्यावरच दोष ढकलून सगळ्यांना गप्प बसवतो. सगळ्यांचा लाडका होता रे तो. कॅप्टन पिकार्ड पथकातल्या वेस्लीला सांगतो, तू खरं बोल, नाहीतर मी बोलेन. तू दहावीत होतास, ताटावरून उठून गेलास. तो ताटावरून उठणारा मुलगा मला माहीत आहे.

मला भीती वाटते ती स्टार ट्रेकमधल्याच कॅप्टन सिस्कोची. १९९८ चा तो भाग आपण दोनदा पाहिला. रोम्युलन या परक्या लोकांना आपल्या बाजूनं युद्धात ओढायला खोटा पुरावा, त्यात माणसं मरतात, शेवटी तो स्वतःची नोंदच पुसून टाकतो. माणूस भला, कारणही मोठं. म्हणूनच भीती. तुझ्याकडे युद्ध नसेल, पंचनाम्यातली एक ओळ असेल. "वरून सांगितलंय" म्हणत कुणीतरी कागद पुढे करेल.

पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस.

२०१९ चा पूर आठव. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्याही वर गेलं. आपल्या गल्लीत तो तरुण तलाठी आला होता. किती चढेल विचारलं तर म्हणाला, "काकू, कोयनेतून अजून किती सोडतील मला ठाऊक नाही. पण आज रात्री इथं राहू नका." तात्या कलेक्टरचंही ऐकले नसते, त्याचं ऐकलं. तूच त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरलास. ठाऊक नाही म्हणाला म्हणून त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, उलट त्या शब्दावरच गल्ली रिकामी झाली.

तात्या बरे आहेत, गोळ्या बदलल्यात. ताईचं अजून काही ठरत नाही.

पाऊस तोंडावर आलाय. कुणी आकडा बदलायला सांगितलं तर सहीच्या आधी मला फोन कर. रात्री दोनला कर. बाबा उठत नाहीत, मी उचलते. नोकरीचं काय व्हायचं ते आपण मिळून बघू.

तुझी,
आई